पाटीवर मी, टाकीत कथील

मी एक एन्झाइम बोलतोय. पुस्तकात मला विकर म्हणतात, पण त्या नावानं हाक मारलीत तर मीच ओ देणार नाही. बुरशीच्या पोटी जन्मलो, मोहरीएवढ्या मण्यांवर मला चिकटवलं आणि बाजारात आणलं.

माझं काम सोयरीक जुळवणाऱ्याचं. सुट्या कणांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे, लांबलचक साखळी करायची; तेच तुमचं प्लॅस्टिक. मला जहाल रसायन नको, धडधडती भट्टी नको, चहाच्या कपाइतकी ऊब पुरे. काम झालं की जेवायलाही थांबत नाही. गाळून घ्या, पुढच्या सोयरिकीला हजर!

अशा गुणवंताला एका प्लॅस्टिक कारखान्याच्या शेठनी विकत आणून ठेवलं कुठे? ऑफिसात, काचेच्या बरणीत, भर उन्हात. शेजारी पाटी: ‘आमचं प्लॅस्टिक, निसर्गाच्या हातचं!’ आत टाकीत मात्र साखळ्या जुळवायला जुनंच कथलाचं रसायन, दोनशे अंशांवर रटरटतंय.

शेठची पुतणी रसायनशास्त्र शिकून कारखान्यात आलेली. ती भांडायची, “काका, हे थंड जागी ठेवायचं असतं. मरेल ना!”

“मरू दे गं. गिऱ्हाइकाला दिसल्याशी मतलब.”

एकदा तान्ह्या बाळांची चावायची खेळणी बनवणाऱ्या बाई आल्या. बाळांच्या तोंडात कथील जाऊ नये, एवढीच त्यांची अट. शेठनी माझं असं कौतुक केलं की मीच लाजलो. “अहो, खुशाल हात लावावा, इतकी कोमट असते आमची टाकी!”

बाई उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी सरळ टाकीकडे हात नेला.

“अहो, हात! भाजेल!” शेठ किंचाळले.

बाईंनी हात मागे घेतला. “बरं. आता त्या बरणीतलं घालून दाखवा. जमलं तर माल तुमच्याकडूनच घेईन.”

टाकी निववली, धुतली, ताजा कच्चा माल भरला. पुतणीनं मला आत सोडलं. पण दोन उन्हाळे भाजून निघालेला मी! कणांचे हात समोर होते, मलाच धरता येईनात. टाकीतला माल पाण्यासारखा पातळच राहिला. बाई गेल्या.

“बघितलंस?” शेठ पुतणीला म्हणाले, “मी म्हणतच होतो, या एन्झाइममध्ये दम नाही.”

पुतणीनं एप्रन काढून खुंटीला अडकवला. ती पुन्हा आली नाही.

मला गाळून, वाळवून परत बरणीत भरलंय. मेलेला असलो तरी दिसतो झकास. माझे ताजे भाऊबंद अजून धडधाकट आहेत. त्यांना थंड जागा द्या आणि खरंच कामाला लावा. आणि तुम्ही, कुणी काचेतला कारागीर कौतुकानं दाखवला, तर मान डोलावण्याआधी एवढंच विचारा: “हा कामावर कधी जातो हो?”