मोरीत सोडलेली गाडी

तुम्ही खोटं बोललात, साहेब. चौसाळ्याच्या अलीकडं सडकेखालची नळ्यांची मोरी आरपार मोकळी आहे, असं तुम्ही सडक खात्याच्या कचेरीत खुर्चीतून न उठता सांगितलंत. पाणी तुंबून बायडाबाईच्या मेंढवाड्यात शिरलं, कोकरं बुडून मेली, तर म्हणालात, बाई, तू वाडाच खोलगटात बांधलास. तिचा भाऊ गहिनीनाथ म्हणाला, मोरी पाणी घेत न्हाई. त्यावर तुम्ही हसलात. "आत जाऊन आलास काय?"

दोन फुटी नळी. तिच्यात काय माणूस जातो होय! पण गहिनीनाथच्या डोक्यात तो प्रश्न कुसळासारखा रुतून बसला. मांजरसुंब्याच्या चौकात, ढाब्याच्या मागं तो ट्रकांची वायरिंग करतो. कुठल्याही गाडीचा डॅशबोर्ड उचकटून आत डोकावल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, असला माणूस. एवढी मोठी सडक, रोज हजार गाड्या वरून जातात, आणि तिच्या पोटात काय आहे हे कुणीच बघितलेलं नाही? राग तर होताच. पण रागापेक्षा ही खाज मोठी.

त्याच्याकडं रिमोटची एक गाडी होती, दगडधोंड्यांवर चढणारी, बुटाच्या खोक्याएवढी, मऊ जाड चाकांची. पुण्याचं एक गिऱ्हाईक "हिचं स्टेअरिंग गेलंय, ठेवा तुम्हालाच" म्हणून देऊन गेलं होतं. गहिनीनाथनं स्टेअरिंगला नवी दणकट मोटर बसवली. टपावर जुना मोबाइल बांधला, टॉर्च लावून, व्हिडिओ चालू करून. मागं दोरी, अडकली तर ओढायला.

पाणी आटलं तसं त्यानं गाडी मोरीत सोडली. चार-पाच हात गेली, चाक दगडाला अडलं, त्यानं स्टेअरिंग वळवलं, आणि गाडी जागेवर मेली. रिमोट दाबून दाबून बोट दुखलं. दोरीनं बाहेर ओढली, तर पठ्ठी पुन्हा जिवंत!

"बाहेरवशी, भूतबित हाय का काय आत?" बायडाबाई म्हणाली.

"आक्का, तू गप."

बायडाबाईची पोरगी अंजू चौसाळ्यात मोबाइल दुरुस्त करते. तिनं गाडी उलटी केली, तारा निरखल्या आणि हसायला लागली. "मामा, मोटर लावली बैलाची अन् वैरण घातली शेळीची."

"म्हंजी?"

"ही डबी बघा. चाकांचा स्पीड सांभाळणारी. बॅटरीतून जराशी वीज काढून हीच स्टेअरिंगला देती अन् रिसीव्हरला बी."

"रिसीव्हर कोण आता?" बायडाबाईनं विचारलं.

"रिमोटचं ऐकणारा कान, आई. चाक अडलं की तुझ्या भावाची दणकट मोटर सगळी वीज ओढून घेती. कान उपाशी, गाडी बहिरी."

"मग कानाला येगळं जेवाया घाला की."

"तेच करायचं हाय."

अंजूनं बॅटरीची वीज नेमकी मापून देणारा एक रेग्युलेटर मागवला, अंगठ्याएवढा. सहा व्होल्टवर बसवला. त्याच्या एका बाजूच्या तारा थेट बॅटरीच्या तारांना डाग देऊन जोडल्या, लालला लाल, काळीला काळी. दुसऱ्या बाजूची पिन रिसीव्हरमध्ये खोचली. आता डबीनं फक्त चाकं बघायची. रिसीव्हर आणि स्टेअरिंग रेग्युलेटरवर. मग तिनं डबीकडून रिसीव्हरला येणाऱ्या पिनेतली मधली लाल तार सुईनं उचकटून बाहेर काढली, तिला टेप गुंडाळला आणि मोबाइल चार्ज करायला दुकानात गेली.

गहिनीनाथ गाडी हातात घेऊन बसला. ती लाल तार त्याला बघवेना. ट्रकात कधी, कुणाच्या, कसल्याही घाईत त्यानं लाल मोकळी सोडली नव्हती. मोकळी लाल पत्र्याला टेकली आणि उभा ट्रक पेटला, हे त्यानं डोळ्यांनी बघितलेलं. पोरगी विसरली असंल, म्हणाला, आणि टेप सोडून तार पिनेत पुन्हा बसवली. टिक करून आवाज आला, तेव्हा कुठं त्याला बरं वाटलं.

अंजू आली, मोबाइल बांधला, गाडी मोरीत गेली. पहिला दगड पार. दुसरा पार. आणि मग पुन्हा गप. ओढून काढली तर डबी चटका बसेल इतकी तापलेली, वास मारणारी.

अंजूनं झाकण उघडलं. "ही लाल कुणी बसवली?"

गहिनीनाथ सडकेवरच्या ट्रकांकडं बघायला लागला.

"मामा!"

"मोकळी व्हती ना गं ती! पेटली असती."

"कावून पेटंल? टेप गुंडाळलाय की तिला. अवो, दोघं बी एकाच तोंडात घास कोंबायलेत. डबी बी अन् रेग्युलेटर बी. एकमेकाला ढकलतेत, म्हणून तापली."

"मग आदी सांगायचं."

"तुमी आदी इचारायचं."

"लई शानी," तो पुटपुटला. पण आता त्याला तेच कोडं पडलं. "अन् काळी? काळी कावून ऱ्हाऊ दिली?"

"काळी सगळ्यांची एकच लागती. न्हाईतर कानाकडनं डबीला खुणा पोचवणारी पांढरी तार बोलंल कुणाशी?"

ट्रकात सगळ्यांची काळी मिळून एक चासी असते तसं, हे त्याला पटलं. या वेळी त्यानं स्वतःच्या हातानं लाल काढली आणि टेपाचे दोन वेढे जास्तच दिले. डबी गार होईस्तोवर तिघंही मोरीच्या तोंडाशी उकिडवी बसून राहिली.

गाडी गेली. दगडाला अडली, स्टेअरिंग करकरलं, पण कान जागा राहिला. चाक वळलं, गाडी दगड चढून पलीकडं उतरली. दोरी हातातून सरकत होती. मग सरकायची थांबली. मोटर कण्हत होती, म्हणजे गाडी जिवंत होती, पण पुढं जात नव्हती.

बाहेर ओढून तिघांनी मोबाइलवर डोकी घातली. नळीचे सांधे एकामागून एक मागं गेले. एक पाकोळी उडाली. गाळ, चपलेचा तुकडा, आणि मग समोर भिंत.

"गाळ साचलाय," गहिनीनाथ म्हणाला.

"गाळाला दात असत्यात का?" अंजूनं चित्र थांबवून मोठं केलं. पिवळ्या कडक मुरमावर पोकलेनच्या दातांचे उभे ओरखडे. खणत आलेलं यंत्र तिथं थांबलं होतं. पुढं कुणी खणलंच नव्हतं.

गाडी पलीकडच्या तोंडातून घातली. तिथंही तसंच, मुरूम आणि दातांचे ओरखडे. आत गेली होती तेवढी दोरी सडकेवर लांबवून बघितली, तर दोन्हीकडून ती जेमतेम कडेच्या पांढऱ्या पट्ट्याला टेकली. मध्ये अख्खी सडक. तिच्याखाली नळीच नाही.

बायडाबाई पांढऱ्या पट्ट्यावर येऊन उभी राहिली. "म्हंजी ही मोरी न्हाई," ती म्हणाली. "दोन भोकं हायती, दोन बाजूला."

साहेब, व्हिडिओ गहिनीनाथच्या मोबाइलात आहे, अंजूच्याही आहे. बायडाबाईच्या गाभण मेंढ्या अजून त्याच वाड्यात बांधलेल्या आहेत, दुसरीकडं जागा नाही, आणि पाऊस अजून संपलेला नाही. मधल्या नळ्या कुठं आहेत? त्या न टाकताच मोरी पुरी झाली म्हणून सही कुणी ठोकली? आणि सडक उकरायला यंत्र कधी पाठवताय, तो वार सांगा.