दीडशेच्या ओळीवरचा डाग

मित्रांनो, मी एका खाणीच्या पंखाघरात टांगलेला जुना पत्र्याचा तक्ता आहे. वय विचाराल तर मलाही नीट आठवत नाही. एका रंगाऱ्याने वाकून, जीभ दातांत धरून माझे आकडे रंगवले, एवढं मात्र आठवतं.

तेल किती दाट, हे सगळे एकाच मापात सांगत नाहीत. कुणी ठरावीक भांड्याच्या भोकातून तेल गळून जायला किती सेकंद लागले ते मोजतो, तर कुणी सेंटिस्टोकमध्ये बोलतो. माझ्या डाव्या रकान्यात सेकंद, उजव्यात सेंटिस्टोक. डावीकडे शंभर असेल तर उजवीकडे जेमतेम साडेवीस. सुरुवातीला माझा केवढा मान होता! मला विचारल्याशिवाय तेलाचा थेंब हलत नसे.

मग माणसं सरावली. माझ्याच खिळ्याला हेल्मेट अडकवू लागली. वरच्या फळीवरचा डबा गळला आणि तेल माझ्यावर ओघळलं. कुणीतरी चिंधीने खसाखसा पुसलं, तर डाग राहिला आणि दीडशेच्या ओळीतला उजवा आकडा तेवढा गेला. तेव्हापासून माझ्या मनात एक भीती घर करून बसली. नेमकी तीच ओळ कुणाला हवी झाली तर?

एका सकाळी तेलाचं नवं पिंप आलं. फोरमनला सगळे मामा म्हणत. मामांनी पिंपावरचा आकडा वाचला. "दीडशे हवं होतं, दीडशे आलं. पंख्याच्या बेअरिंगमध्ये ओता!"

पंखा सुरू झाला. त्रेसष्ट माणसं पाळण्यातून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, खाली उतरली. पंखा थांबला तर खाली हवा कोंडते, हे इथे सगळ्यांना ठाऊक. तासाभरात भिंतीतून माझ्या खिळ्यापर्यंत येणारी थरथर बदलली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण पत्र्याला तोंड कुठलं!

तेल तपासणाऱ्या ताई आल्या. त्यांचा धाकटा भाऊ खालच्या पाळीत होता. पिंपाच्या तोंडाशी सांडलेलं तेल त्यांनी दोन बोटांत चोळलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मामा, हे तर पाण्यासारखं धावतंय."

"अगं, दीडशेच आहे. वाच की."

"दीडशे काय?"

ताईंनी पिंप फिरवलं. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'सेकंद'. त्या धावत माझ्याकडे आल्या. हेल्मेट खाली पडलं. त्यांचं बोट माझ्या डागावर थांबलं, आणि शरमेने मला गंजून जावंसं वाटलं. पण ताई हुशार! त्यांनी वरची ओळ पाहिली, खालची पाहिली. "एकशेचाळीसला तीसच्या आत. एकशेसाठला चौतीसच्या वर. म्हणजे हे बत्तीसच्या आसपास. मामा, आपल्याला दीडशे सेंटिस्टोक हवं होतं!"

"म्हणजे?"

"म्हणजे इतक्या पातळ तेलाने बेअरिंग जळतंय. पंखा फिरतोय तोवर माणसं वर काढा!"

घाईत मामांना भोंग्याची कळ सापडेना. शेवटी ताईंनीच ती दाबली. पाळणा वर येई, पुन्हा खाली जाई. थरथरीची घरघर झाली, घरघरीची किंचाळी. ताई दारात उभ्या राहून मोजत होत्या. अठ्ठावन्न. साठ. शेवटच्या खेपेत त्यांचा भाऊ आला. "ताई, झालं काय?" त्याने विचारलं. ताईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. मामांनी पंखा बंद केला. बेअरिंग उघडलं तेव्हा आतला धातू वितळून ओघळला होता.

मित्रांनो, त्या दिवशी सगळे वाचले. पण माझी भीती गेलेली नाही, कारण नुसता आकडा कधीच पुरी गोष्ट सांगत नाही. त्याच्या शेजारचं माप वाचा. आणि भिंतीवर माझ्यासारखा कुणी टांगलेला असेल तर त्याची पुसट ओळ आजच रंगवा. ताई साठनंतर मोजायच्या थांबल्या होत्या; खाली तिघे उरले होते आणि त्यांत त्यांचा भाऊ होता. पुढचा पाळणा वर येईपर्यंतची त्यांची ती शांतता मी पंख्याच्या किंचाळीतही ऐकली आहे.