राखी बांधलेली खोळ

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची खोळ आहे. पिस्तूल शर्टाच्या आत, कोणाला दिसू नये असं कमरेला बाळगण्यासाठी माझा जन्म झाला. टेक्सासमधल्या एका म्हाताऱ्या खोगीर शिवणाऱ्यानं मला शिवलं आणि सारंग नावाच्या इंजिनिअरनं विकत घेतलं. त्याच्याकडे तिथला परवाना होता. त्याची अनघाताई सिंगापूरहून दरवर्षी राखी पाठवायची. मनगटावरून उतरवली की सारंग ती माझ्या पट्ट्याला बांधायचा. मला त्याचा फार अभिमान होता.

शेजारच्या काही राज्यांत त्याचा परवाना चालत नसे. सीमा जवळ आली की तो चरफडत आम्हाला डिकीत कुलूपबंद करी.

२००६ साली तो भाचीच्या, मेधाच्या, चौथ्या वाढदिवसाला सिंगापूरला, अनघाताईच्या हौगांगमधल्या घरी आला. पिस्तूल घरी ठेवलं, पण बॅगेच्या तळाशी मी राहूनच गेले. माझ्या कप्प्यात एक सुटी गोळीही होती.

जेवताना तो भाऊजींशी, अनघाच्या नवऱ्याशी, वाद घालत होता. "गाडीचं लायसन्स सगळ्या राज्यांत चालतं, मग हेच का नाही? सीमा ओलांडली की मी काय गुंड होतो?"

"गुंड नाही रे, पाहुणा होतोस," विश्वास हसून म्हणाला. "आमच्या दाराबाहेर बूट काढलेस ना? तसंच."

सकाळी मेधानं चॉकलेटसाठी मामाची बॅग उपसली.

"मामा, this one lipstick ah?"

तिच्या मुठीत गोळी होती. अनघानं तिचं एकेक बोट हळूच उलगडलं. इथे परवान्याविना एक गोळीही गुन्हा आहे आणि लपवली तर आपला इथे राहण्याचा पास, घर, मेधाची शाळा, सगळंच जाईल, हे विश्वासनं आवाज न चढवता सांगितलं. मग त्यानं स्वतःच पोलिसांना फोन केला. सारंग टेक्सासच्या परवान्याचं कार्ड पुन्हा पुन्हा पुढे करत राहिला.

पोलिसांनी विचारलं, हे कोणाचं? मी निर्धास्त होते. रोज सकाळी मला कमरेला लावणारा माणूस समोरच तर उभा होता.

सारंगनं कार्ड खिशात सरकवलं. "माझं नाही ते," तो इंग्रजीत म्हणाला. "या घरातलंच असेल."

मित्रांनो, चामड्याला रडता येत नाही.

अनघा माझ्याकडे बघत राहिली. पट्ट्यावर तिची निळ्या मण्यांची राखी होती. एका मण्यावर मेधाच्या दुधाच्या दातांची खूण होती. मणी ओवताना मेधा आईच्या मांडीवर होती. अनघानं पोलिसांना सांगितलं, ही राखी मी केली आणि ह्याला पाठवली.

मग ती भावाकडे वळली. "माझं आहे म्हणाला असतास, तर चौकीवर तुझ्यासोबत मी आले असते रे."

तो एकटाच गेला.

मी आता पोलिसांच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. राखी अजून बांधलेलीच आहे. मित्रांनो, दुसऱ्याच्या दारात चपला काढता ना, तेव्हा एकदा कंबरही चाचपून पाहा. आणि चुकून काही राहिलंच, तर "माझं आहे" एवढं म्हणा. मला तेवढंच ऐकायचं होतं.