वजन उतरेना

घिवलीची सुगंधा पंधरा वर्षं डोक्यावर टोपली घेऊन बोईसरच्या कॉलनीत दारोदार मासे विकत फिरली. तेव्हा तिच्या चालण्याला गावात कुणाची बरोबरी नव्हती. पुढे बाजारात बसायला ओटा मिळाला, घिवलीहून थेट एसटी सुरू झाली आणि सुगंधाचं चालणंच सुटलं. सकाळी नऊच्या गाडीनं जायचं, दुपारपर्यंत ओट्यावर बसायचं आणि गाडीनंच परत यायचं. सात-आठ वर्षांत अंग असं भरलं की ओट्यावरून उठताना शेजारी भाजी घेऊन बसणारी बेटेगावची लाडकी हात द्यायची, तेव्हा कुठं ती उभी राहायची. मग गुडघे धरले. सत्त्याऐंशी साल उजाडता उजाडता एकदा घराची पायरी चढताना ती मध्येच बसली आणि वामननं तिला हट्टानं डॉक्टरांकडे नेलं.

वामन म्हणजे तिचा नवरा. घरची होडी त्याचा भाऊ महादू चालवायचा. वामन कुंभवलीजवळच्या सुताच्या कारखान्यात कामाला होता. गडी तसा शांत, पोटानं थोडा सुटलेला.

बोईसरच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला स्पष्ट. त्यांनी गुडघे दाबून पाहिले, रक्त तपासलं, सुगंधाचं वजन केलं. चौऱ्याऐंशी किलो.

"बारा-तेरा किलो तरी उतरायला हवं," त्या म्हणाल्या. "भात निम्मा करा. तळलेलं बंद, चहात साखर नको. आणि रोज सकाळी तासभर चालायचं. आधी हळू, जमेल तेवढंच."

"एवढंच ना? करीन मी," सुगंधा म्हणाली. कामाला ती कधीच भ्याली नव्हती.

दुसऱ्याच दिवसापासून तिनं सुरुवात केली. ताटात भाताची मूद लहान झाली, कालवणातलं खोबरं कमी झालं, तव्यावरच्या बोंबलांचा वास घरातून गेला. सकाळी ओहोटी लागलेली असली की ती किनाऱ्यानं चालायची, कारण ओल्या वाळूवर पाय रुतत नाहीत. भरती असली की गावच्या रस्त्यानं. पहिल्या दिवशी घामाच्या धारा आणि फुललेला दम घेऊन ती चौथ्या होडीपाशीच टेकली. वामनला तेव्हा दुसरी पाळी होती, सकाळ मोकळी होती. बायको एकटी चालते म्हणून तोही सोबत निघाला. तिच्याशी काही बोलायला गेला तर ती नुसता हात हलवायची. चालायचं आणि बोलायचं, दोन्ही एकदम जमत नव्हतं.

वजन करायला दर मंगळवारी, वामनच्या सुट्टीच्या दिवशी, दोघं बर्फाच्या वखारीत जायची. बाजाराच्या मागेच ती वखार होती. बर्फाच्या लाद्या तोलायचा मोठा काटा तिथं होता आणि तो सांभाळणारा आनंदा सुगंधाच्या ओळखीचा होता. पहिल्या मंगळवारी काटा चौऱ्याऐंशीवर. दुसऱ्या मंगळवारीही चौऱ्याऐंशीवर.

"पदर ओला हाय तुमचा," आनंदा म्हणाला. "आणि कमरेला पिशवी कसली? अडकित्ता, किल्ल्या सगळं घेऊन चढलाय. दर वेळी एकाच वेळी या, एकसारख्या कपड्यात या, तर खरं कळंल."

तिनं तेही केलं. चौथ्या मंगळवारी काटा साडेत्र्याऐंशीवर थांबला. महिनाभर अर्ध्या भातावर काढून अर्धा किलो! तिला रडू यायचंच बाकी होतं, तोवर आनंदा वामनला म्हणाला, "वामनशेट, तुमी बी चढा की. सोबत चालताय ना."

वामन चढला. महिन्यापूर्वी तो गमतीनं चढला होता तेव्हा शहात्तर भरला होता. आता काटा बहात्तरवर उभा राहिला.

वामननं धड पथ्यही पाळलं नव्हतं. त्याच्या ताटातला भात तेवढाच होता, चहात साखर होती. तो फक्त बायकोच्या सोबतीला चालला होता. सुगंधानं काट्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि ओट्यावर जाऊन बसली. त्या दिवशी गिऱ्हाइकांशी ती अशी बोलली की दोघीतिघी पापलेट न घेताच पुढं गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंथरुणातून उठली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बोंबील तळले आणि दोन वाढणी भात जेवली. वामन चाललाच नाही असं नाही, एक दिवस एकटा जाऊन आला. पण परत आल्यावर तिच्या चेहऱ्याकडे बघून चोरासारखा मोरीत शिरला.

"देवानंच माजं अंग असं घडवलं असंल," ती चुलीपाशी बसून म्हणाली. "तुमी नुस्ते हिंडलात तर चार किलो गेले. मी उपाशी मेले तरी काटा हलत नाय. कशाला करू?"

वामनला बोलून समजावता आलं असतं तर लग्नाच्या वीस वर्षांत कधीतरी आलं असतं.

पुढच्या मंगळवारी तो आपण होऊन म्हणाला, "चल, माजं बगू. मला वाटतं माजं परत चडलंय."

आणि खरंच चढलं होतं. काटा चौऱ्याहत्तर दाखवत होता. सुगंधाचा चेहरा जरा उजळला. स्वतःचीच तिला लाज वाटली, पण उजळला खरा. ती चढली. चार दिवस मनसोक्त जेवूनही साडेत्र्याऐंशीच.

"बगा," आनंदा म्हणाला, "वाढलं तर नाय."

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा चालू लागली. आता मनावरचं ओझं उतरलं होतं. दोघंही एकाच होडीत होती. त्याच्या पुढच्या मंगळवारी ती त्र्याऐंशी भरली आणि वामन साडेचौऱ्याहत्तर. "तुमचं तर वाढायलाच लागलं," असं म्हणून तिनं त्याच्या चहातली साखर काढून घेतली. वामननं तक्रार केली नाही. फक्त हल्ली मंगळवारी तो पँट एका हातानं धरून चालायचा. सुगंधाला वाटलं, पट्टा जुना झाला असेल.

त्यानंतरच्या मंगळवारी वखारीत गर्दी होती. लाद्या घ्यायला चारपाच माणसं उभी होती. वामन काट्यावर चढला, आनंदानं काट्याकडे मान वळवली आणि तेवढ्यात टर्रकन आवाज झाला. वामनच्या पँटचा उजवा खिसा फाटला आणि त्यातून जाळ्याला लावायचे शिशाचे मणी खडखडत खाली पडले. काट्यावरून ओल्या फरशीवर आणि फरशीवरून सगळ्या वखारीत. काट्याची सुई मागं सरकली.

"वामनशेट," आनंदा म्हणाला, "आख्खं जाळंच घेऊन आलात काय?"

माणसं हसायला लागली. वामन खाली वाकून मणी गोळा करत होता आणि मान वर करत नव्हता. सुगंधा पुढं झाली. तिनं त्याच्या डाव्या खिशात हात घातला, रुमालात बांधलेली दुसरी पुरचुंडी बाहेर काढली आणि आनंदाच्या हातात दिली.

"आता बगा खरं वजन."

एकाहत्तर.

एसटीत दोघं एकाच बाकावर बसली, पण तिचं तोंड खिडकीकडे होतं. जेवताना नाही, झोपताना नाही, ती बोललीच नाही. तिला राग कशाचा आला होता ते तिला नीट कळत नव्हतं. त्यानं फसवलं याचा की चारचौघांत हसं झालं याचा? की आपली कीव केली याचा?

सकाळी लवकरची ओहोटी होती. ती एकटीच निघाली. थोड्या वेळानं मागं पावलं वाजली. वामन पन्नास पावलं अंतर ठेवून येत होता. ती आणखी भरभर चालली. होड्या मागं पडल्या, सुकत घातलेल्या मासळीच्या काठ्या मागं पडल्या. शेवटी तिला राहवेना. मागं न वळताच तिनं तोंड सोडलं.

"मला काय पोर समजलात? शिसं घालतात खिशात! महादू भावोजी मणी शोधत व्हते, तर मी त्यांनाच म्हटलं, तुमीच कुटं तरी टाकले असतील. चार माणसात हसं केलंत. आणि त्या साखरंचं काय? आठ दिवस बिनसाखरेचा चहा प्यालात, एक अक्षर बोललात नाय!"

ती बोलत राहिली. लग्नात हरवलेल्या चपलेपासून गेल्या पावसात न शाकारलेल्या छपरापर्यंत सगळं तिनं काढलं. पार उत्तरेला पॉवर हाऊसच्या इमारती दिसत होत्या, त्या दिशेनं ती चालत होती आणि बोलत होती. वामन मागून येत होता. बऱ्याच वेळानं त्याचा धापा टाकत आवाज आला.

"सुगंधा, जरा थांब."

"कशाला थांबू?"

"अगं, खडक आले."

ती थांबली. खरंच समोर काळे खडक होते. इथवर ती कधीच आली नव्हती. वामन गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता.

"तू मगासपासून बोलतेस," तो दम खात म्हणाला. "एकदा बी थांबली नायस. पयल्या दिवशी चवथ्या होडीपाशी बसलेलीस. तवा तुज्या तोंडातून शब्द फुटत नव्हता."

सुगंधानं छातीवर हात ठेवून पाहिलं. दम लागला होता, पण चालण्याचा लागतो तसा. गुडघा ठणकत नव्हता. ती मागं वळून पाहू लागली. होड्या पार लहान दिसत होत्या.

"शिसं कितीचं व्हतं?" तिनं विचारलं.

"अडीच किलो. पयल्या दिवशी. मग थोडं थोडं वाढवलं."

तिला हसू फुटलं. एकदा फुटलं ते आवरेना. खडकावर बसून ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. वामनही हसला, जरा भीतभीत.

"माजं उतरायचं तवा उतरंल," ती म्हणाली. "पण तुमचं खरं सांगायचं. मला फसवून चालवायला नको. मला आता सवय लागली हाय."

पुढच्या खेपेला तिनं डॉक्टरीणबाईंना सगळी हकिगत सांगितली, शिशासकट. त्या खुर्चीत मागं रेलून हसल्या. मग म्हणाल्या, "पुरुषांचं बऱ्याचदा भराभर उतरतं. तुमच्या वयाच्या बायकांचं शरीर वेळ घेतं. दर आठवड्याला काटा बघून जीव काढू नका. महिन्यातून एकदा बघा. बाकी काय बदललंय ते सांगा."

सुगंधा विचार करू लागली. पायरी चढताना आता कठडा धरावा लागत नव्हता. चोळीची गाठ मारताना टोकं आता जास्त उरत होती. ओट्यावर तर एक दिवस लाडकीच म्हणाली होती, "बाय, तू आता हात नाय मागत. मी उगाच हात पुडं करून बसतंय."

त्यानंतर वजन उतरलं, पण आपल्याच चालीनं. होळीला एक्याऐंशी, चैत्रात एकोणऐंशी. मध्ये काही दिवस ते जागचं हललं नाही, तेव्हा दोन दिवस तिनं तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी पदर खोचून निघाली. वामनची पाळी बदलली की ती एकटी जायची. कधी जाऊबाई जमना सोबत यायची, कधी कुणीच नाही.

वैशाखात महादूच्या मुलीचं लग्न निघालं. हळदीच्या संध्याकाळी बायका मांडवात नाचायला उतरल्या. गेली कित्येक वर्षं सुगंधा खुर्चीत बसून टाळ्या वाजवायची. या वेळी जमनानं हात ओढायच्या आधीच ती उठली. तासभर नाचली, तरण्या पोरींनाही दमवलं आणि मग पंगतीत बसून पोटभर जेवली. भात दोनदा घेतला, तळलेली कोळंबीही सोडली नाही. वामन समोरच्या रांगेतून बघत होता. तिनं त्याला डोळ्यांनीच दटावलं.

आठवड्यानं ती वखारीत गेली. आनंदानं काटा पाहिला आणि जरा चाचरतच सांगितलं, "एक किलो वाढलंय, बाई."

"तो लग्नाचा हाय," सुगंधा म्हणाली आणि काट्यावरून टुणकन खाली उतरली. "जाईल."