पगारी खेळाडू

"अब्बा, हे लेटर तुम्ही पाठवलंत?" सिदराने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला.

हुसैनमियाँनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. पत्र त्यांनीच टाइप केलेलं, खाली कंपनीचा गोल शिक्का.

"मीच. का गं? इंग्रजी चुकली?"

"यात लिहिलंय, मी कंपनीच्या लेडीज टीममध्ये दोन वर्षं पगार घेऊन खेळले. अब्बा, कंपनीला टीमच नाहीये!"

"अगं, नुसती शाळेची गोलकीपर म्हटलं तर कोण विचारतो?"

घ्या! वादी कबीर या आखाती वस्तीतल्या त्या वर्कशॉपात वीस वर्षं हेच चाललं होतं. हेल्परला मेकॅनिक करणारी अनुभवाची पत्रं हाच कारकून लिहायचा, आणि त्यांच्या जोरावर गावाकडची कितीतरी पोरं आखातात चिकटली होती. मग पोटच्या पोरीसाठी हात आखडता कसा घेणार? पण अमेरिकेतल्या त्या कॉलेजची अट नेमकी उलटी. खेळून एक पैसासुद्धा कमावलेला खेळाडू त्यांना चालत नव्हता. तिथल्या कोचने व्हिडिओ पाहून सिदराला निवडलं होतं, स्कॉलरशिप हातात आल्यातच जमा होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"कोच म्हणते, लेटर चुकीचं आहे असं कंपनीच्या मालकाने सही करून लिहून द्यायचं. गुरुवारपर्यंत. मग स्कॉलरशिप जाणार नाही." सिदरा मराठीत अडखळत होती. "अर्बाब साइन करतील ना?"

"न करायला काय झालं? इन्शाल्ला."

त्या पहिल्या पत्राचा अर्बाबला पत्ताच नव्हता. शिक्का न विचारता मारलेला.

गुरुवारी सकाळी हुसैनमियाँनी दोन ओळींचं पत्र टाइप केलं आणि ते केबिनमध्ये गेले. तेलाचे भाव पडल्यापासून दर महिन्याला कुणीतरी नोकरी गमावून गावी परतत होतं. शिक्क्याची चोरी कळली, तर पुढचं तिकीट त्यांचंच. मग फ्लॅट सुटला, धाकट्या यासिरची शाळा सुटली.

"यल्ला हुसैन, क्या लाया?" अर्बाबने हसून विचारलं.

हुसैनमियाँनी विम्याचे कागद पुढे केले. अर्बाबने एकेक करून सह्या केल्या.

"और कुछ?"

"खलास, अर्बाब."

ते पत्र फाइलीतच राहिलं.

संध्याकाळी चपला काढता काढताच त्यांनी सांगून टाकलं, "अर्बाब नाही म्हणाले."

सिदराने लॅपटॉप उघडून चार ओळी लिहिल्या, पाठवल्या आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

"अम्मा, अब्बांना काही बोलू नकोस हां. त्यांनी निदान विचारलं तरी. माझ्यासाठी हात जोडले असतील त्यांनी."

थोड्या वेळाने त्यांच्या बायकोने, शहनाजने, ताट आणून पुढे ठेवलं.

"जेवून घ्या. सुरमईचा मोठा तुकडा तुम्हाला वाढायला सांगितलाय पोरीने."

हुसैनमियाँना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते जेवले.