पाण्याच्या मोटारीची शिकवणी

कारखाना बंद पडल्यापासून दारूत बुडालेला फिटर आज सकाळी शुद्धीवर होता आणि बायकोला पाण्याची मोटार चालू करायला शिकवत होता.

"आधी पाइपातली हवा काढायची. मगच बटण."

"आज ही मास्तरकी कुठून सुचली? तुम्ही आहात की घरात!"

तो हातातला पाना पुसू लागला. कालही त्याने तिच्याकडून फ्यूज बसवून घेतला होता. आपल्यामागे हिचं अडू नये म्हणूनच हे चाललंय, हे तिला उमगलं.

"माझ्याकडे बघा. जीव द्यायचं डोक्यात आहे का?"

तो पाना पुसत राहिला. "तुझ्या डोक्यावरचा भार तरी उतरेल."

"ते मी ठरवीन!" तिने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि दिराला फोन लावला. "भाऊजी, असाल तसे निघा. यांना आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे न्यायचंय."

त्याने हात सोडवून घेतला नाही.