काचेच्या दाराआड कोंडलेला मी

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. पण जुना म्हणजे भंगार नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. होम थिएटरच्या पाच-सहा खोक्यांमध्ये टीव्हीखाली आडवा बसतो ना, तो मी, मधला स्पीकर. सिनेमातली माणसं बोलतात ती माझ्या तोंडून. माझ्यावर एकदा आळ आला होता. तो खोटा होता, आणि इतक्या वर्षांनंतरही मी तो मुकाट्याने सोसायला तयार नाही.

कारखान्यात माझी तपासणी करणाऱ्या बाईंनी मला शांतपणे ऐकलं आणि शब्द न् शब्द स्पष्ट येतो म्हणून पाठीवर शिक्का मारला. दुकानात मात्र माझी कोणी दखलही घेतली नाही. मला पुढे ज्या घरी नेलं, तिथले बाबा खरेदीला आले तेव्हा दुकानदाराने त्यांना स्फोट ऐकवले, विमानं उडवून दाखवली. कोपऱ्यातला बासचा जाडजूड डबा असा काही घुमला की बाबांची कळीच खुलली. "हेच द्या!" म्हणाले. दोन माणसं साधं बोलताना कशी ऐकू येतात, हे त्यांनी विचारलंच नाही.

घरी जोडणीवाला आला तो घाईतच. मागचे दोन स्पीकर त्याने सोफ्यामागच्या भिंतीवर लावले, वायरी पट्टीखाली दडवल्या आणि मला हातात घेऊन उभा राहिला. टीव्हीखाली आईने नुकतंच सुताराकडून काचेच्या दारांचं कपाट करून घेतलं होतं. "याला आतच ठेवा. बाहेर धूळ बसते," आई म्हणाली. "चालेल की," असं म्हणून त्याने मला आत सारलं आणि दार लावून मोकळा झाला. चालेल म्हणे! डोंबल चालेल!

त्या घरात आजोबाही होते. त्यांनी उभी हयात नाटकात प्रॉम्प्टरचं काम केलं होतं. विंगेत उभं राहायचं आणि नट वाक्य विसरला की त्याला हळूच सांगायचं. पहिल्याच सिनेमाला ते विचारू लागले, "काय म्हणाली ती?" बाबांनी आवाज वाढवला. तेवढ्यात पडद्यावर स्फोट झाला, शेजाऱ्यांनी भिंतीवर थापा मारल्या, आवाज पुन्हा खाली आला. पुन्हा आजोबांचं "काय म्हणाली?" असं आठवडाभर चाललं. खरं तर धड कोणालाच कळत नव्हतं, पण तसं कबूल करायची तयारी एकट्या आजोबांची होती.

रविवारी दुपारी बाबांचा संयम सुटला. "अण्णा, तुमच्या कानांचं वय झालंय. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. आणि हा मधला स्पीकरही फालतू निघालाय, बदलूनच टाकतो."

आजोबा उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. ज्या कानांच्या भरवशावर त्यांनी आयुष्य काढलं, ते पोटच्या मुलाने एका वाक्यात मोडीत काढले होते. मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. मी आतून घसा फोडून बोलत होतो हो! पण काचेला काय त्याचं?

दुसऱ्या दिवशी दोघे डॉक्टरांकडून परत आले. बाबांनी मान खाली घालून आईला सांगितलं, "वयाच्या मानाने कान ठणठणीत आहेत म्हणे."

आजोबांनी बाबांना सोफ्यावर बसवलं, स्वतः आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आतून काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं.

"काय म्हणालात?" बाबांनी विचारलं.

पुन्हा तेच.

"अहो अण्णा, काही कळत नाहीये!"

दार उघडलं. आवाज तसूभरही न वाढवता आजोबा म्हणाले, "मी म्हणालो, तुझ्या कानांचं वय झालंय."

आई खुदकन हसली. आजोबा तडक माझ्याकडे आले. "अरे, चाळीस वर्षं विंगेतून बोललो मी. विंगेला दार असतं का कुठे? या बिचाऱ्याला कोंडलंत तुम्ही, आणि वर मुका ठरवताय!"

"पण अण्णा, धूळ..."

"धूळ मी पुसेन, सूनबाई. रोज पुसेन."

त्यांनी मला बाहेर काढलं, कपाटाच्या वर अगदी पुढच्या काठाशी ठेवलं आणि सोफ्यावर बसणाऱ्यांच्या कानांकडे माझं तोंड केलं. सिनेमा सुरू झाला. आवाज नेहमीपेक्षा कमीच होता. पडद्यावरच्या एका म्हाताऱ्याने बायकोच्या कानात हळूच काहीतरी गंमत सांगितली, आणि सगळ्यांच्या आधी आजोबा हसले.

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. "चुकलो, अण्णा," ते म्हणाले.

"शू! ऐकू दे," आजोबा म्हणाले.

मित्रांनो, वस्तू असो की घरातलं म्हातारं माणूस, एखाद्याला नावं ठेवण्याआधी मधलं दार कोणी लावलंय ते बघा. अंगावर धूळ बसली तरी मला चालेल, ओरखडे पडले तरी चालेल. पण कोंडून ठेवलंत आणि वर दोषही मलाच दिलात, तर मी ऐकून घेणार नाही.